शुक्रयानाची आखणी : तेजस्वी ग्रहाच्या दाहक वाटेवर

पंचांगात शुक्राचा अस्त लागला की विवाह, मुंज अशा मंगलकार्यांचे मुहूर्त थांबतात, हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्याच्या इतका जवळ येतो की त्याच्या तेजात तो दिसेनासा होतो, एवढाच या अस्ताचा खगोलशास्त्रीय अर्थ. सूर्य, पृथ्वी आणि शुक्र यांचे हेच बदलते नाते आता आणखी एका मुहूर्ताचा निर्णय करणार आहे. हा मुहूर्त आहे भारताचे पहिले यान शुक्राकडे धाडण्याचा.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्र परिभ्रमण मोहिमेला मंजुरी दिली. मोहिमेसाठी एकूण १,२३६ कोटी रुपये मंजूर झाले असून त्यांपैकी ८२४ कोटी रुपये प्रत्यक्ष यानावर खर्च होणार आहेत. उरलेल्या रकमेत प्रक्षेपक आणि जगभरातील भूकेंद्रांचे साहाय्य यांचा समावेश आहे. प्रक्षेपणासाठी मार्च २०२८ हा काळ निश्चित करण्यात आला आहे. परग्रहावर यान पाठवणे म्हणजे शक्तिशाली रॉकेट उडवणे, असा एक सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः उड्डाण हा या उद्योगातील काही मिनिटांचा भाग होय. खरी कसोटी लागते ती त्याआधीच्या अनेक वर्षांच्या आखणीत. काय साधायचे, कशावर पाणी सोडायचे आणि कोणता धोका पत्करायचा, याचे निर्णय तेथेच होतात.

जुळे भावंड, वेगळे नशीब

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे सूर्यमालेतील चार अंतर्ग्रह. त्यांत आकाराने पृथ्वीशी सर्वाधिक जवळीक शुक्राची. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, तर शुक्राचा सुमारे १२,१०४ किलोमीटर. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ टक्के. दोन्ही ग्रह सूर्याभोवतीच्या एकाच मूळ द्रव्यातून घडले. साम्य मात्र येथेच संपते. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस असते. शिसे वितळण्यासाठी याहून बरेच कमी तापमान पुरते. तेथील वायुदाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९२ पट आहे. समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब अनुभवास येईल, तेवढा तो शुक्राच्या उघड्या जमिनीवर असतो. वातावरणात ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड असून त्यावर गंधकाम्लाच्या ढगांचे दाट आच्छादन आहे.

बुध सूर्याच्या अधिक जवळ असूनही शुक्र त्याहून तप्त आहे. याचे कारण हरितगृह परिणाम. जमिनीतून परत फेकली जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइडचे जाड आवरण अडवून धरते. शुक्राच्या वातावरणात साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक आढळले आहे. हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला आणि जड तेवढा मागे राहिला, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजेच एके काळी या ग्रहावर आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाणी होते. ते किती होते, केव्हा आणि कसे गेले, तेथे कधी महासागर होते काय, हे प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. पृथ्वीसारखाच एक ग्रह वस्तीयोग्य राहिला नाही, त्याचे कारण शोधणे हा या मोहिमेचा गाभा आहे. तापमानवाढीच्या चिंतेने ग्रासलेल्या पृथ्वीला या उत्तराची उत्सुकता असणे स्वाभाविकच होय.

उतरायचे की घिरट्या घालायच्या?

मोहिमेची आखणी करताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो यानाच्या प्रकाराचा. ग्रहाजवळून नुसते निघून जाणे, त्याच्याभोवती फिरत राहणे, वातावरणात फुगा तरंगत ठेवणे किंवा थेट जमिनीवर उतरणे, असे चार मार्ग आहेत. शुक्राच्या बाबतीत हे चारही मार्ग हाताळून झाले आहेत आणि प्रत्येकाने आपापला धडा दिला आहे.

अमेरिकेचे मरिनर-२ हे यान १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटर अंतरावरून गेले. दुसऱ्या ग्रहाजवळून यशस्वीपणे माहिती धाडणारे ते पहिले यान. सोव्हिएत संघाने मात्र उतरण्याचा ध्यास घेतला. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ पृष्ठभागावर पोहोचले आणि त्याने तेथून सुमारे २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवले. १९७५ मध्ये व्हेनेरा-९ ने शुक्राच्या जमिनीचे पहिले छायाचित्र पृथ्वीवर आणले. १ मार्च १९८२ रोजी उतरलेले व्हेनेरा-१३ तब्बल १२७ मिनिटे तग धरून राहिले. ते ३२ मिनिटे टिकले तरी पुरे, या हिशेबाने त्याची रचना झाली होती. १९८५ मध्ये व्हेगा-१ आणि व्हेगा-२ या यानांनी सोडलेले फुगे सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर जवळजवळ दोन दिवस तरंगत राहिले. व्हेगा-२ चा अवतरक हा शुक्राच्या भूमीवरून बोललेला आजवरचा शेवटचा पाहुणा ठरला.

कोट्यवधी रुपये खर्चून उतरलेले यंत्र दोन-अडीच तासांत भाजून निकामी होणार असेल, तर त्याच पैशात ग्रहाभोवती वर्षानुवर्षे फिरणारे यान अधिक माहिती देऊ शकते. शिवाय अवतरकाला फक्त आपल्या पायाखालची जागा दिसते. परिभ्रमक संपूर्ण ग्रह पाहतो. पहिल्याच प्रयत्नात भारताने परिभ्रमकाची निवड केली, त्यामागे हा हिशेब आहे. त्याची किंमतही आहे. जमिनीवरील खडकांचे थेट रासायनिक विश्लेषण या मोहिमेला साधणार नाही.

एकोणीस महिन्यांचा मुहूर्त

दुसरा निर्णय काळाचा. शुक्र सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे २२५ दिवसांत पूर्ण करतो, पृथ्वी ३६५ दिवसांत. आतल्या कक्षेतील शुक्र वेगवान असल्याने तो दर ५८४ दिवसांनी, म्हणजे सुमारे १९ महिन्यांनी पृथ्वीला मागून येऊन गाठतो आणि पुढे जातो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये शुक्र येण्याच्या या स्थितीला अंतर्युती म्हणतात. यान पाठवण्याची अनुकूल संधी या चक्रातून एकदाच येते.

याचे कारण असे की यान सरळ रेषेत जात नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्यावरून निघालेल्या यानाला हा वेग आपोआप मिळालेला असतो. आतल्या ग्रहाकडे जायचे तर तो थोडा कमी करावा लागतो. म्हणून यान पृथ्वीच्या गतीच्या उलट दिशेने सोडले जाते. सूर्याच्या संदर्भात त्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच किलोमीटरने घटला, की सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला आत खेचू लागते आणि ते लंबवर्तुळाकार मार्गाने शुक्राच्या कक्षेकडे घरंगळू लागते. ते तेथे पोहोचेल त्या क्षणी शुक्रही त्याच बिंदूवर हवा. धावत्या बसमध्ये चढणारा माणूस बस आता कोठे आहे हे न पाहता ती पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज घेतो, तसाच हा प्रकार.

इस्रोच्या आराखड्यानुसार २९ मार्च २०२८ रोजी प्रक्षेपण आणि ११२ दिवसांच्या प्रवासानंतर १९ जुलै २०२८ रोजी शुक्राजवळ आगमन, असे वेळापत्रक आहे. प्रक्षेपणाच्या वेळी शुक्र आपल्या कक्षेत पृथ्वीच्या सुमारे ४० अंश मागे असेल. यान वाटेत असताना, १ जूनच्या सुमारास, तो पृथ्वीला गाठून पुढे निघेल.

हा मुहूर्त चुकला तर काय होते, याचा अनुभव या मोहिमेने आधीच घेतला आहे. भारतीय शास्त्रज्ञांकडून उपकरणांचे प्रस्ताव २०१७ मध्येच मागवण्यात आले होते. पुढे डिसेंबर २०२४ च्या प्रक्षेपणाचा विचार झाला; परंतु तोपर्यंत मंजुरी आणि बांधणी पूर्ण होऊ शकली नाही. डिसेंबर २०२४ नंतरची संधी २०२६ च्या मध्याची आणि त्यानंतरची मार्च २०२८ ची. रस्त्याचे किंवा पुलाचे काम दोन महिने लांबले तर उद्घाटन दोन महिने लांबते. येथे दोन महिन्यांचा उशीर म्हणजे एकोणीस महिन्यांची प्रतीक्षा. म्हणूनच आखणीत प्रत्येक उपकरणाच्या चाचणीची तारीख प्रक्षेपणाच्या दिवसापासून उलट मोजत ठरवावी लागते.

थांबणे अधिक कठीण

शुक्रापर्यंत जाण्यापेक्षा तेथे थांबणे अवघड. जवळ पोहोचलेल्या यानाचा वेग इतका असतो की इंजिन प्रज्वलित करून तो वेळीच कमी केला नाही, तर यान ग्रहाला वळसा घालून पुन्हा सूर्याभोवती निघून जाते. हा प्रसंग जपानच्या आकात्सुकी यानावर प्रत्यक्ष ओढवला. मे २०१० मध्ये निघालेले हे यान ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्राजवळ पोहोचले. मुख्य इंजिन सुमारे १२ मिनिटे चालायचे होते. ते तीन मिनिटेही चालले नाही. इंधनाच्या मार्गातील एक झडप क्षार साचल्याने नीट उघडली नव्हती आणि त्यामुळे इंजिनाचे नुकसान झाले. यान सूर्याभोवती भटकत राहिले. जपानी अभियंत्यांनी मात्र हार मानली नाही. पाच वर्षे वाट पाहून त्यांनी ७ डिसेंबर २०१५ रोजी यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिने सुमारे २० मिनिटे चालवली आणि यान शुक्राच्या कक्षेत आणले. ही कक्षा मूळ योजनेपेक्षा बरीच मोठी होती, तरीही आकात्सुकीने पुढे कित्येक वर्षे मोलाची निरीक्षणे पाठवली. एका झडपेने पाच वर्षे खाल्ली आणि छोट्या इंजिनांच्या जोडव्यवस्थेने मोहीम वाचवली, हे दोन्ही धडे आखणी करणाऱ्यांच्या टेबलावर कायम असतात.

भारताचे यान प्रथम शुक्राभोवती ५०० गुणिले ६०,००० किलोमीटर अशा लांबट कक्षेत जाईल. इतक्या दूरवरून बारकाईने निरीक्षण करणे शक्य नसल्याने पुढे ही कक्षा आवळून २०० गुणिले ६०० किलोमीटर करायची आहे. केवळ इंजिनाच्या बळावर हे करायचे ठरवले तर यानाचा वेग सेकंदाला आणखी दोन किलोमीटरहून अधिक घटवावा लागेल आणि तेवढ्यासाठी कक्षेत पोहोचलेल्या यानाचे अर्ध्याहून अधिक वजन इंधनाचेच ठेवावे लागेल. मग उपकरणांना जागा उरणार नाही.

यावर उपाय म्हणजे एरोब्रेकिंग, अर्थात वातावरणाचाच ब्रेक म्हणून वापर करणे. कक्षेतील सर्वांत जवळच्या बिंदूवर यान शुक्राच्या विरळ उच्च वातावरणाला हलकेच घासून जाते. दर फेरीत वेग किंचित कमी होतो आणि कक्षेचे दूरचे टोक जवळ येत जाते. ही प्रक्रिया सहा ते आठ महिने चालेल. अमेरिकेच्या मॅगेलन यानाने १९९३ मध्ये शुक्राभोवती हे तंत्र यशस्वी करून दाखवले, तर युरोपच्या व्हीनस एक्स्प्रेसने २०१४ मध्ये मोहिमेच्या अखेरीस सुमारे १३० किलोमीटर उंचीपर्यंत उतरून त्याचा प्रयोग केला. इस्रोने मात्र दुसऱ्या ग्रहाभोवती ते आजवर वापरलेले नाही. यान थोडे अधिक खाली गेले तर घर्षणाने सौरपट्ट्या तापून निकामी होण्याचा धोका आणि थोडे वर राहिले तर वेळ वाया. त्यातच शुक्राच्या उच्च वातावरणाची घनता दिवस-रात्र आणि सूर्याच्या हालचालींनुसार बदलत राहते. या मोहिमेतील सर्वांत नाजूक टप्पा कोणता, असे विचारले तर उत्तर बहुधा हेच असेल.

ढगांआडची भूमी

यान सुखरूप स्थिरावले तरी साध्या कॅमेऱ्याला खाली फक्त पिवळसर ढग दिसतात. म्हणून शुक्राच्या जमिनीचे चित्र घ्यायचे ते रडारने. रेडिओ लहरी ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परततात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून उंचसखलपणा व खडबडीतपणा कळतो. यान पुढे सरकत असताना घेतलेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र गुंफले, की लहान अँटेनाही प्रचंड अँटेनासारखी तीक्ष्ण दृष्टी देते. सिंथेटिक अपर्चर रडार ते हेच. चांद्रयान-२ वर आणि अमेरिकेच्या सहकार्याने जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहावर या तंत्राचा भारताला अनुभव आला आहे.

मॅगेलनने १९९० ते १९९४ या काळात शुक्राच्या ९८ टक्के भूभागाचा रडार नकाशा तयार केला. आजही अभ्यासकांची मदार त्याच नकाशावर आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी १९९१ सालच्या याच प्रतिमा पुन्हा तपासल्या, तेव्हा माट मॉन्स या पर्वतावरील एका ज्वालामुखीचे मुख आठ महिन्यांत रुंदावलेले दिसले. शुक्र भूगर्भीयदृष्ट्या अजून जिवंत असल्याचा हा ठोस पुरावा तीन दशके माहितीच्या साठ्यात पडून होता. अधिक सूक्ष्म रडार घेऊन पुन्हा त्याच जागा पाहिल्या, तर या तीन-साडेतीन दशकांत काय बदलले ते समजेल. भारतीय रडारकडून ही मोठी अपेक्षा आहे.

येथे शुक्राची आळशी गती आखणीवर आपली छाप उमटवते. हा ग्रह स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरतो आणि एका परिवलनाला त्याला तब्बल २४३ दिवस लागतात. ध्रुवांवरून जाणारे यान सुमारे दीड तासात एक फेरी घालेल. तेवढ्या वेळात विषुववृत्तावरील जमीन त्याच्याखालून जेमतेम १० किलोमीटर सरकेल. म्हणजे प्रत्येक फेरीत चिंचोळ्या पट्ट्याचे चित्र घेत गेल्यास पूर्ण ग्रह एकदा पाहायला आठ महिने हवेत. बदल टिपायचा तर तीच जागा पुन्हा पाहायला हवी, म्हणजे आणखी आठ महिने. मोहिमेचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे, ते काही उगाच नाही.

यानावर एकूण १९ उपकरणे नेण्याची योजना असून त्यांपैकी बहुसंख्य भारतीय आहेत. वातावरणातील वायू, ढगांची रचना, विजांचा कडकडाट आणि धूळ यांचा वेध घेणारी उपकरणे त्यांत आहेत. शुक्राला पृथ्वीसारखे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही; त्यामुळे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह थेट वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतो. तेथून कोणते कण किती प्रमाणात निसटतात, हे मोजणे म्हणजे हरवलेल्या पाण्याचा माग काढणे होय. ढगांच्या माथ्यावरील वारे चार दिवसांत संपूर्ण ग्रहाला प्रदक्षिणा घालतात, तर खालचा ग्रह मात्र संथ गतीने फिरत असतो. हे वारे इतके वेगवान का, याचा अभ्यासही अपेक्षित आहे.

ताप, अंतर आणि मौन

शुक्राजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीजवळच्या जवळजवळ दुप्पट प्रखर असतो. शिवाय शुक्राचे ढग त्यातील मोठा हिस्सा परावर्तित करत असल्याने यान वरून आणि खालून, दोन्हीकडून तापते. मंगळयानाचा आराखडा उचलून येथे वापरता येत नाही, तो यामुळेच. युरोपने मार्स एक्स्प्रेसच्या धर्तीवर व्हीनस एक्स्प्रेस बांधले तेव्हा उष्णतारोधक आवरण बदलावे लागले आणि सौरपट्ट्या लहान करून त्यांवर उष्णता परावर्तित करणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

संपर्काचे गणितही ध्यानात ठेवावे लागते. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो तेव्हा अंतर सुमारे चार कोटी किलोमीटर, तर सूर्यापलीकडे असतो तेव्हा ते सुमारे २६ कोटी किलोमीटर होते. रेडिओ संदेशाला एका बाजूने जाण्यास दोन मिनिटांपासून चौदा मिनिटांपर्यंत वेळ लागतो. बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनाला शुक्र मावळल्यावर परदेशी केंद्रांची मदत घ्यावी लागेल. बहिर्युतीच्या काळात सूर्य मध्ये आल्याने काही दिवस संपर्क दुबळा होतो किंवा तुटतो. त्या मौनात यानाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, बिघाड ओळखून सुरक्षित स्थितीत जावे आणि पृथ्वीचा आवाज पुन्हा येईपर्यंत थांबावे, अशी बुद्धी त्याच्या संगणकात आधीच भरून ठेवावी लागते.

वेळ महत्त्वाची का?

नासाच्या दाविंची व व्हेरिटास आणि युरोपच्या एन्व्हिजन या मोहिमांची निवड जून २०२१ मध्ये झाली. एन्व्हिजनचे प्रक्षेपण २०३० नंतरच्या वर्षांत अपेक्षित आहे. भारताचे यान ठरल्या वेळी पोहोचले, तर मॅगेलननंतर प्रथमच शुक्राच्या भूमीचा रडार नकाशा काढण्याचा मान त्याला मिळू शकेल आणि पुढच्या मोहिमांना ताज्या माहितीचा आधार लाभेल. संधी हुकली तर हे काम इतर करतीलच. भारतीय उपकरणांचे नावीन्य तेवढे उरणार नाही. मंगळयानाने पहिल्या प्रयत्नात यश मिळवून अपेक्षा उंचावल्या आहेत. मात्र सुमारे ४५० कोटींच्या त्या मोहिमेत तंत्रज्ञान सिद्ध करणे हा मुख्य हेतू होता. येथे विज्ञान हाच हेतू आहे आणि खर्चही जवळजवळ पावणेतीनपट आहे.

या प्रवासाचा आकाशातील नकाशा साध्या डोळ्यांनाही वाचता येईल. मार्च २०२८ च्या अखेरीस सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र ठळक चमकत असेल. प्रक्षेपण त्याच सुमारास. मे महिन्यात तो रोज खाली येत जाईल आणि जूनच्या आरंभी सूर्यतेजात बुडेल. पंचांगकर्ते त्याला अस्त म्हणतील. यान त्या वेळी मध्यवाटेवर असेल. जुलैत पावसाळी ढगांनी उसंत दिली, तर पहाटे पूर्वेला तोच शुक्र पुन्हा उगवलेला दिसेल. १९ जुलैच्या आसपास त्या तेजस्वी ठिपक्याजवळ भारताच्या यानाचे इंजिन पेटलेले असेल आणि ते वेळेवर पेटले की नाही, हे सांगणारा संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास काही मिनिटे लागतील.